नव्या दिल्लीवरचा लाल डाग

१

“पूजा नको, प्रसाद नको, हळदकुंकू नको... आणि आमच्या पाटावरची वस्तू मात्र चालते होय रे तुला?”

बकुळाचा आवाज गिरगावातल्या त्या वाडीत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. जिन्यात माणसं थांबली. समोरचा शिंपी मशीन सोडून दाराशी आला.

आनंदा आपल्या टेबलापाशी उभा होता, हातात कुंचला. कुंचल्याच्या टोकाला हिरव्या रंगाचा थेंब लोंबत होता. तो खाली कागदावर पडू नये म्हणून त्याने कुंचला हळूच पाण्यात बुडवला. इतकं ऐकूनही कागद जपतोय, याचाच बकुळाला जास्त राग आला.

“बोल ना! काल-परवा दुकान बंद असताना इथे एकटा कोण होता?”

“मी होतो, ताई. किल्ली मागून घेतली होती.”

“ऐका! स्वतःच्या तोंडाने सांगतोय.”

भांडण होतं एका नकाशावरून. बाबुराव पेडणेकरांचं हे फ्रेमचं दुकान. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो हे नेहमीचं काम. पण गेल्या वर्षापासून एक नवीनच टूम निघाली होती. इंग्रजांनी दिल्लीला नवी राजधानी बांधायला घेतली, तेव्हाचा आखीव नकाशा: पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते, मध्ये गोल चौक. बाबुराव एका छापखान्यातून त्याच्या काळ्या रेघांच्या प्रती काढून आणत, आनंदा त्यात हाताने रंग भरी, सीताराम फ्रेम चढवी, की फोर्टातल्या ऑफिसांच्या भिंतींवर दिल्ली लागली. मूळ नकाशा पेस्तनजी या म्हाताऱ्या पारशाचा. त्यांचे वडील त्या वेळी दिल्लीला ड्राफ्ट्समन होते, त्यांच्या हातचा. कापडावर चिकटवलेला, चहाच्या रंगाचा झालेला जाड कागद.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबुरावांनी तो गुंडाळून पेस्तनजींना परत दिला. तासाभरात म्हातारा काठी आपटत हजर.

“बाबुराव, हा माझा नकाशा नाय! माझ्या नकाशाला चार कोपऱ्याला टाचणीची भोकं हाय. बापाने बोर्डवर लावलेली. यात एक पण भोक नाय. तुम्ही लोक मला कॉपी दिली.”

नकाशा टेबलावर पसरला. आनंदा वाकून बघत म्हणाला, “रंग माझाच आहे.”

झालं. बकुळाला आणखी काय पाहिजे? तिने आनंदाच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत हात घातला आणि एक चिंधी वर काढली. तांबडीलाल.

“आणि हे? खऱ्या नकाशावर रंग सांडला असणार, पुसायला गेला असणार, नाही जमलं तर दिली कॉपी सारून आणि खरा केला गायब!”

पेस्तनजींनी काठी टेकली. “बुधवारपर्यंत मला माझा नकाशा पायजे. नाय तर मी पोलिसात जाणार. आणि ज्याचं नाव तुम्ही सांगणार, त्याचं नाव मी देणार.”

सगळ्यांनी आनंदाकडे बघितलं. त्याने कुंचले धुतले, फडक्यावर ओळीने ठेवले, रंगांचा डबा काखेत घेतला. बाबुराव भिंतीकडे तोंड करून एक काच पुसत होते. पुसलेलीच काच परत पुसत होते.

दारात आनंदा वळला. तो बकुळाकडे नाही, चिंधीकडे बघत होता.

“हा लाल माझा नाही,” तो म्हणाला, आणि जिन्यातल्या माणसांमधून वाट काढत गेला.

२

बकुळा बाबुरावांच्या बहिणीची मुलगी. वय सतरा. नववीत मास्तरांनी वर्गासमोर वही भिरकावली, तर हिने ती उचलून परत मास्तरांच्या टेबलावर भिरकावली आणि जी घरी आली ती पुन्हा शाळेत गेली नाही. आईने कणकवलीहून मामाकडे पाठवून दिली. दुकानात बसायची, गिऱ्हाइकांशी बोलायची. डोळा तेज. कुठली फ्रेम केसभर वाकडी आहे ते रस्त्यावरून सांगायची. आणि तोंडही तसंच.

आनंदा तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. ती त्याला अरेतुरे करायची, तो तिला ताई म्हणायचा. हे कुणाला खटकत नव्हतं. तिलाही नाही.

खटकलं होतं ते नवमीला. खंडेनवमीची पूजा म्हणजे हातोडी, पटाशी, काच कापायचा हिरा, जे जे पोटाला घालतं ते सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं. मामा म्हणाले, “या दिल्लीने वर्षभर काम दिलं, तीपण ठेव.” म्हणून बकुळाने कपाटातून नकाशाची गुंडाळी काढून पाटावर ठेवली, वर झेंडूचं फूल. सगळ्याला हळदकुंकू लावत ती आनंदाच्या डब्यापाशी आली, तर त्याने डबा उचलून घेतला.

“माझ्या डब्याला नको, ताई. दादरला बुद्धाची दीक्षा घेतली ना आम्ही गेल्या डिसेंबरात. आता हे नाही करत.”

तो हसून बोलला होता, पण ती चार माणसांत पालथी वाटी धरल्यासारखी उभी राहिली. वर त्याने मामांना विचारलं, “मला सुट्टी नको. तुमच्या हत्यारांना मी हात लावत नाही, माझे रंग घेऊन बसतो. किल्ली द्याल का?” मामांनी दिली. पाटावर मांडलेल्या वस्तूंना दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नसतो. त्यामुळे सगळे घरी, आणि दुकानात एकटा आनंदा, दुपारी बारापर्यंत.

इतकं सगळं जुळत होतं. मग शनिवारी सकाळी मोरीत धुणं धुताना असं काय झालं की तिच्या हातातला पिळा सुटला?

कौसल्यामामीचं पातळ होतं. पुरणाच्या गडबडीत पदराला हळद लागलेली. बकुळाने सोड्याचं पाणी ओतलं आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. तांबडालाल.

हे काय आज पहिल्यांदा झालं होतं? लहानपणापासून बघत आली होती. हळदीला सोडा लागला की लाल होते, कुठल्या बाईला ठाऊक नाही? पण चिंधी हातात घेऊन ओरडताना हे डोक्यात आलं नव्हतं. ओरडताना डोक्यात काही येतच नाही.

ती ओल्या हातांनीच दुकानात गेली. काल खणात टाकून ठेवलेली चिंधी काढली. समोरच्या खानावळीतून लिंबाची फोड मागून आणली आणि पिळली.

लाल रंग फिटला. त्याच्या जागी पिवळं उमटलं, स्वच्छ, पुरणाच्या डाळीसारखं.

रंग नव्हताच तो. हळद होती. आणि त्या दिवशी सगळ्या दुकानात हळदीला हात न लावलेला माणूस एकच होता.

३

“माका कित्याक विचारतंस? मी चोर दिसतंय काय?”

सीताराम लालबागचा. पन्नाशीचा, फ्रेम मारण्यात उभा जन्म गेलेला, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचा कट्टर. बकुळाच्या डोक्यात आता तो बसला होता. कारण तोच रोज म्हणायचा, “ती दिल्ली आमका मुंबई देऊक तयार नाय, आणि मी तिका सोनेरी फ्रेम मारतंय! एक दिवस काडी लावतलंय बघ.”

“तुम्हीच म्हणायचात ना काडी लावीन म्हणून?”

“गो बाय, मी बायलेकपण रोज म्हणतंय, घराभायर काढीन. तीस वर्सां झाली.” त्याने तोंडातली विडी काढली. “नवमीक सांजेपर्यंत मी लालबागेत समितीचे फलक रंगवत होतंय. शंभर माणसां सांगतीत. आणि किल्ली माझ्याकडे खय?”

“मग ही हळद कुणी पुसली? सोड्याने?”

सीतारामने चिंधी नाकाशी नेली आणि एकदम गंभीर झाला.

“सोडो? कागदार? आनंदा असतो तर तेणा पावाचो मऊ गोळो करून डाग टिपलो असतो. पाणी सुद्धा लावचो नाय तो. कागदाक सोडो लावणारो माणूस घाबरलेलो असतलो. काय करतंय ता तेचा तेका कळला नसतला.”

घाबरलेला. बकुळाने तो शब्द धरून ठेवला.

तिने पेस्तनजींना दिलेली कॉपी पुन्हा टेबलावर पसरली. म्हातारा रागाने ती तिथेच टाकून गेला होता. आता ओरडायचं नव्हतं म्हणून नीट दिसत होतं. आपल्या साध्या प्रती पांढऱ्या कागदाच्या असतात. ही चहाच्या पाण्यात बुडवलेली, मागे मलमल लावलेली. अशी आनंदाने एकच केली होती, नमुन्याची. महिनाभर खपून. आणि ती तर...

तिने मान वर केली. मामांच्या गादीच्या वर, भिंतीवर, सोनेरी फ्रेममध्ये नमुन्याची दिल्ली लटकत होती. रोजच्यासारखी, पण कागद चहाच्या रंगाचा नव्हता.

ही जर इथे टेबलावर आहे, तर तिथे भिंतीवर कोण आहे?

४

सीतारामने फ्रेम उतरवून पालथी घातली. मागच्या पुठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

“हे खिळे माझे नाय.”

“म्हणजे?”

“मी खिळो तिरपो मारतंय. काचेवर दाब पडणा नाय. ह्यो बघ, सरळ ठोकल्यान. ह्या दुकानात सरळ खिळो मारणारो...” तो थांबला. विडी पेटवायला लागला. काडी पेटेना.

“कोण, सीतारामकाका?”

“माझ्या तोंडातसून नाव काढू नको, बाय. मी तेंचा मीठ खाल्लंय.”

बकुळाला पुठ्ठा तिथेच फाडता आला असता. तिने नाही फाडला. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादी गोष्ट लगेच कळायला नको होती. ती वर घरी गेली. मामी तांदूळ निवडत होत्या.

“मामी, नवमीला आनंदाने किल्ली कधी आणून दिली?”

“साडेबारा वाजले असतील. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर नाही आला. म्हणाला, वहिनी, पाट जसाच्या तसा आहे, फुलसुद्धा हललं नाही, तुमच्या पूजेतलं आहे म्हणून मी तिकडे गेलोच नाही.” मामींनी सुपातला खडा फेकला. “मी म्हटलं, बरं केलंस हो. का गं?”

“नंतर किल्ली खिळ्यालाच होती?”

“संध्याकाळी हे घेऊन गेले ना. नकाशा बांधून ठेवतो म्हणाले, परत द्यायच्या दिवशी घाई नको. येताना आपट्याची पानं आणि झेंडू आणायला पिशवी दिली होती मी. तर रिकामी पिशवी घेऊन आले! मग मीच गेले परत. विचारलं, कुठे लक्ष होतं तुमचं? तर मोरीत हात धूत बसले, हूं नाही की चूं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुणी रिकामी पिशवी आणतं का, तूच सांग.”

मामींच्या सुपातले तांदूळ बकुळाला एकदम फार पांढरे दिसायला लागले.

मागे दार वाजलं. बाबुराव उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“खाली चल,” ते म्हणाले.

५

पुठ्ठा त्यांनीच काढला. सरळ खिळे पकडीने एकेक उपटले. पुढे साधी प्रत, आणि तिच्यामागे, घडी न घालता जपून सपाट ठेवलेला, पेस्तनजींच्या बापाचा नकाशा. चार कोपऱ्यांना टाचणीची चार भोकं. आणि उजव्या कडेला, नदीच्या काठावर, हातभर पसरलेला लाल-तपकिरी फराटा. रस्तेही धुऊन गेले होते तिथे.

“जाळून टाकायला आणला होता चुलीपर्यंत,” बाबुराव म्हणाले. “कागद जाळायला हात धजावला नाही. तीस वर्षं कागद जपला, बकुळे.”

“आनंदाला जपता आलं नाही?”

तिचाच आवाज. पण ओरडली नव्हती.

“मी कुठे म्हटलं त्याने केलं? मी एक शब्द बोललो नाही.”

“तेच विचारतेय, मामा. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. काच पुसत होता.”

बाबुराव खाली बसले. गादीवर नाही, जमिनीवर, भुशाच्या ढिगाशेजारी. म्हातारे दिसले एकदम.

“म्हटलं पोलीसबिलीस काही होणार नाही. पेस्तनजी चार दिवस ओरडतील, विसरतील. आनंदाला दुसरीकडे कुठेही काम मिळेल, हात सोन्याचा आहे त्याचा. माझं नाव गेलं तर या बाजारात उभं कोण करणार मला? आणि...” ते अडखळले. “आणि डाग मूळचा माझा नव्हता. मी फक्त पुसायला गेलो.”

“मग कुणाचा?”

त्यांनी नकाशाची ती कड उलटी करून धरली. पाठीमागच्या कापडावर सोडा पोचला नव्हता. तिथे हळद पिवळीच राहिली होती. एका अंगठ्याचा ठसा. लहान, टोकाकडे निमुळता.

बकुळाने आपला अंगठा बघितला नाही. गरज नव्हती. नवमीला आनंदाने डबा उचलून घेतल्यावर, चिडलेल्या तिरीमिरीत, हात न पुसता, पाटावरची गुंडाळी तिनेच उचलून परत मांडली होती. हळदीच्या हाताने कड धरली, अंगठा मागे, बोटं पुढे.

“तुझं नाव येऊ नये म्हणूनही गप्प राहिलो मी,” बाबुराव म्हणाले.

हे खरं असेल. पण ऐकायला फार सोयीचं होतं.

६

मंगळवारी मामा-भाची पेस्तनजींकडे गेली. म्हाताऱ्याने नकाशा खिडकीशी नेऊन बघितला. धुऊन गेलेल्या रस्त्यांवरून बराच वेळ नख फिरवलं. शेवटी म्हणाला, “पोलिसात नाय जाणार. खोटं बोलला नसता तर डाग पण चालला असता मला.” मग चष्म्यावरून बकुळाकडे बघितलं. “तो छोकरा किधर हाय? त्याला सांगितलं?”

मामा म्हणाले, निरोप पाठवतो. बकुळा म्हणाली, मी जाते.

करी रोडच्या चाळीत ती याआधी कधी आली नव्हती. चौथ्या माळ्यावर आनंदाची आई रखमाबाई दारात लसूण सोलत बसली होती. “दुकानातनं आली व्हय पोरी? ये, बस. आनंदा, तुझ्या मालकाची भाची आली बघ!” आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, फ्रेम आनंदाच्याच हातची असावी, कोपरे इतके जुळलेले. तो सदरा चढवत होता. एका गिरणीच्या गोदामात कापडाच्या गाठींवर नंबर रंगवायचं काम मिळालं होतं, दुसऱ्या पाळीचं. नखं काळ्या रंगाने भरली होती.

रखमाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

बकुळाचा हात थांबला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग तिने तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला, तहान नसताना. पण आनंदाने ते थांबणं बघितलं होतं. तिनेही बघितलं होतं, आपलंच.

येताना वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली.

“नकाशा सापडला,” ती भडाभडा बोलली. “मामांनी लपवला होता. डाग हळदीचा, माझ्याच हाताचा. तुम्ही काही केलं नव्हतं. मी तुम्हाला उगीच चोर म्हटलं सगळ्यांसमोर, तुम्ही कामावर परत या, मामा स्वतः...”

रखमाबाईंचा लसूण सोलणारा हात थांबला.

“चोर?” त्यांनी विचारलं. “कोन चोर?”

आनंदाने डोळे मिटले.

“मला तर म्हनला, दिल्लीचं काम संपलं म्हनून सोडलं दुकान.” त्यांनी लेकाकडे बघितलं, मग बकुळाकडे. “ह्याला चोर म्हनलीस तू? सगळ्यांपुढं?”

बकुळा हो म्हणाली. त्याने पाच दिवस या एका माणसापासून जे झाकून ठेवलं होतं, ते तिने माफी मागता मागता उघडं करून टाकलं होतं.

रखमाबाई पदराने हात पुसत राहिल्या.

आनंदाने खुंटीवरची पिशवी घेतली, आत डबा सरकवला. जिन्यापर्यंत बकुळा त्याच्या मागे गेली.

“मी वाडीत सगळ्यांसमोर सांगेन. जिन्यात जे जे उभे होते त्यांना. शिंप्याला, खानावळवाल्याला. एकेकाला.”

“सांग.”

“तुम्ही याल?”

तो दोन पायऱ्या उतरून थांबला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आत जाऊन आईजवळ बस थोडी,” तो म्हणाला. “ती विचारेल ते सांग. खरं सांग. मला आता निघायला हवं.”